चमचाभर साखरेचा बंदोबस्त

निरोगी प्रौढाच्या सुमारे ५ लिटर रक्तात, सकाळी उपाशीपोटी, सारी मिळून जेमतेम चहाचा एक चमचा भरेल इतकीच साखर असते. आणि मेंदूसारखा खर्चिक अवयव या तुटपुंज्या शिलकेवर विसंबून असल्याने, ती घटताच यकृताने कोठारातून भरपाई करावी व वाढताच इन्सुलिनने तिची पेशींत रवानगी करावी, असा बंदोबस्त शरीरात असतो. टंचाई घाम व थरकापाने तत्काळ बोभाटा करते. आधिक्य मात्र वर्षानुवर्षे निमूटपणे दृष्टिपटल आणि मूत्रपिंडे पोखरीत राहते, म्हणून मला तेच अधिक कपटी वाटते. तथापि तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर तेथेच राहत असल्याने, तपासणीच्या आदल्या दिवशी जिलेबी वर्ज्य करणाऱ्या चतुर गृहस्थाचाही मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब एचबीएवनसी चाचणीत उघड होतो.