शर्यतीत मागे, चित्रात पुढे

विमानांची शर्यत ही युरोप-अमेरिकेतील श्रीमंतांची हौस, असा आपला समज असतो. परंतु १९३४ च्या ऑक्टोबरात झालेल्या लंडन-मेलबर्न शर्यतीत वेगासाठी उतरलेल्या प्रत्येक विमानाला लखनौपासून सुमारे २०० किलोमीटरवरील अलाहाबादेस, म्हणजे आजच्या प्रयागराजला, थांबणे सक्तीचे होते. जिम आणि एमी मॉलिसन हे वैमानिक दांपत्य वाट चुकून जबलपूरला उतरले. तेथे शर्यतीच्या इंजिनांना लागणारे उच्च प्रतीचे इंधन मिळेना. बसगाड्यांचे पेट्रोल भरून त्यांनी अलाहाबाद गाठले खरे. पण इंजिने निकामी झाली आणि त्यांची शर्यत तेथेच संपली. केवळ वेगासाठी घडवलेली ही यंत्रे इतकी नाजूक होती.

अशी यंत्रे चित्रकथेत येतात तेव्हा चित्रकार काय पाहतो? जपानी चित्रकार हायाओ मियाझाकी यांनी १९९० मध्ये विमानांच्या प्रतिकृतींना वाहिलेल्या एका मासिकात जलरंगांतील एक छोटी चित्रकथा प्रसिद्ध केली. तिच्यावरूनच पुढे १९९२ चा ‘पोर्को रोस्सो’ हा चित्रपट निघाला. कथेचा नायक डुकराच्या तोंडाचा इटालियन वैमानिक आहे. त्याच्या लाल विमानाला मियाझाकींनी ‘साव्होया’ असे नाव दिले आहे. पण त्याची ठेवण बरीचशी ‘माकी एम-३३’ या खऱ्या शर्यतविमानासारखी आहे. त्याचा अमेरिकी प्रतिस्पर्धी उडवतो ते ‘कर्टिस’.

ही दोन्ही विमाने १९२५ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे श्नायडर करंडकाच्या शर्यतीत खरोखरच समोरासमोर आली होती. पाण्यावरून उडणाऱ्या विमानांची ही शर्यत जेम्स डूलिटल याने कर्टिसमधून ताशी सुमारे ३७४ किलोमीटर वेगाने जिंकली. माकीचा वेग होता अवघा २७१. ते तिसरे आले. गंमत अशी, की माकीत बसवलेले इंजिनही कर्टिसचेच होते, फक्त जुने आणि वापरलेले.

फरक बांधणीत होता. कर्टिसचे इंजिन अरुंद नाकात दडवलेले होते आणि ते थंड ठेवणारे पाणी पंखांच्या पृष्ठभागावरील पत्र्यांखालून फिरे, त्यामुळे वाऱ्याला अडथळा कमी. माकीचा मात्र तळ नावेसारखा होता. पाण्याचे तुषार पंख्याला लागू नयेत म्हणून इंजिन तळाच्या वर, खांबांवर उभारावे लागे. ते खांब, तो उघडा सांगाडा वाऱ्याशी झुंजत राही.

परंतु अभियंत्याला जो दोष, तोच चित्रकाराला लाभ. कर्टिस हा एक गुळगुळीत बाण. त्यात पाहण्याजोगे सारे आत लपलेले. माकीत कोणता भाग कोणते काम करतो, हे अजाण मुलालाही दिसते. पाणी कापणारी नाव, वर घरघरणारे इंजिन आणि मध्ये उघड्यावर बसलेला माणूस. स्थिर चित्रात वेग दाखवायचा तर कशाशी तरी झुंज दिसावी लागते, आणि ती येथे आयतीच मिळते. मला स्वतःला मियाझाकींची निवड पक्षपाती वाटते. डूलिटलच्या यंत्रावर ती थोडा अन्यायच करते. ते विमान मात्र अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने आजही जपून ठेवले आहे.