छपराखालच्या गाडीला गंज का धरतो?

भाईंदरच्या मिठागरांत मीठ पिकतं ते उन्हाळ्यात. शहरातल्या मोटारींच्या पत्र्यावर मात्र ते बारा महिने साचत असतं. पश्चिमेला उत्तन, पाली, चौकचा किनारा, उत्तरेला वसईची खाडी, आणि मध्ये इमारतींच्या स्टिल्टखाली एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या गाड्या. मीरा-भाईंदरमध्ये स्वतःचं बंदिस्त गॅरेज फार थोड्यांच्या नशिबी असतं. बहुतेकांचं घरचं गॅरेज म्हणजे दोन खांबांमधली, पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली जागा. ऊन नाही, पाऊस नाही, म्हणून गाडी सुरक्षित आहे असं मालकाला वाटतं. खाऱ्या वाऱ्याचा हिशोब वेगळा आहे.

लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्यासोबत आत येतात. किनाऱ्यालगतच्या काही शे मीटरांत त्यांचा मारा सर्वाधिक असतो आणि पुढे तो झपाट्याने घटतो. त्यामुळे उत्तनच्या गाडीला जे सोसावं लागतं ते मीरा रोडच्या पूर्वेकडच्या गाडीला तितकं लागत नाही. पण मासळीच्या टेम्पोंमधून गळणारं खारं पाणी रस्त्यावर सांडतं आणि मागून येणाऱ्या गाडीच्या चाकाबरोबर थेट तिच्या पोटाखाली उडतं.

उघड्यावरच्या गाडीवरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. छपराखाली तो पोहोचत नाही, मीठ मात्र पोहोचतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या पुढे गेली की नेहमीचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली वाफ ओढून घेऊन स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला सुमारे 33 टक्के आर्द्रता पुरते. पावसाळ्यात या पट्ट्यातली हवा 75ची पातळी सहज ओलांडते. हिवाळ्यातल्या कोरड्या वाटणाऱ्या दुपारीही पत्र्यावरचा खारा थर पुरता वाळत नाही. गाडीवर थेंबही पडलेला नसताना तिच्या पत्र्यावर समुद्राचा पातळ लेप असतो, तो असा.

हा लेप लोखंडाचं काय करतो, ते केंब्रिज विद्यापीठातल्या यू. आर. इव्हान्स यांनी 1920च्या दशकात एका थेंबात दाखवलं. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. त्यात दोन सूचक रसायनं होती. लोखंड विरघळतं तिथे निळा रंग उमटावा आणि ऑक्सिजन वापरला जातो तिथे गुलाबी, अशी योजना. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी झाली, मधला भाग निळा झाला आणि दोहोंच्या मध्ये तांबूस गंजाचं कडं तयार झालं. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज मिळतो, मध्यभागी कमी मिळतो. या फरकामुळे एकाच थेंबात छोटी बॅटरी तयार होते आणि झिजतो तो ऑक्सिजनची टंचाई असलेला भाग. रसायनं नसतील तरी लोखंडाचा तुकडा, मिठाच्या पाण्याचा थेंब आणि काही तासांचा धीर एवढ्यावर ते तांबूस कडं घरच्या घरी पाहता येतं.

घरी गाडी सांभाळणाऱ्याला या थेंबाइतकं उपयोगी ज्ञान दुसरं नाही. पत्रा सडतो तो चकाकणाऱ्या बॉनेटवर नव्हे, तर जिथे ओल टिकते आणि हवा पोहोचत नाही तिथे: चाकाच्या कमानीच्या आतल्या कडेला चिकटलेल्या चिखलाखाली, दाराच्या तळाच्या दुमडीत, पावसाळी चपलांनी भिजलेल्या कार्पेटखाली. रंगाला फुगवटा दिसतो तोपर्यंत आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं, कारण गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं आणि तोच रंगाला आतून उचलतो.

रोज सकाळी ओल्या फडक्याने होणारी पुसापुशी या जागांना स्पर्शही करत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा कमानींच्या आत आणि गाडीच्या पोटाखाली साध्या नळीने पाणी मारणं कितीतरी मोलाचं. दारांच्या खालच्या कडेला निचऱ्याची बारीक छिद्रं असतात. ती प्लॅस्टिकच्या काडीने मोकळी करावीत. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराची पानं अडकून कुजतात, तीही काढावीत. कार्पेट उचलून खालचा पत्रा कोरडा आहे का ते बोटाने चाचपावं. गाडी धुतल्यावर दारं काही वेळ उघडी ठेवावीत. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालणं म्हणजे वाफ आत कोंडून ठेवणं.

पाणी कोणतं, हाही इथे कळीचा प्रश्न आहे. शहरात पाणी जपून वापरावं लागतं, म्हणून गाड्या धुवायला बोअरचं पाणी काढलं जातं. खाडीलगत ते मचूळ असू शकतं आणि मग धुण्याच्या नावाखाली मिठाचा नवा हात बसतो. स्टीलच्या ताटलीत चमचाभर पाणी वाळू द्यावं. पांढरा जाड डाग राहिला, तर ते पाणी गाडीसाठी नको. नळाच्या दोन बादल्या पुरतात, फक्त त्या टपावर रित्या न करता खालच्या बाजूला वापराव्यात.

कारखान्यातच पत्र्यावर जस्ताचा मुलामा दिलेला असला तरी निर्धास्त राहता येत नाही. जस्त आधी झिजून लोखंडाला वाचवतं. हम्फ्री डेव्ही यांनी 1824मध्ये ब्रिटिश जहाजांच्या तांब्याच्या तळासाठी हीच युक्ती सुचवली होती. पण खाऱ्या हवेत जस्तही लवकर संपतं. दगड लागून रंगाचा टवका उडाला तर त्यावर लगेच टचअप लावण्याचं कारण हे.

बॅटरीच्या टोकांवर जमणारी पांढरी-हिरवट पूड घरीच काढता येते. इंजिन बंद करून आधी निगेटिव्हची तार सोडवायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. क्रम उलटा झाला आणि पॉझिटिव्हवरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. हातमोजे आणि चष्मा घालावा, खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि जुना टूथब्रश वापरावा, कोरडं झाल्यावर व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा.

पूर्वीच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा कार्ब्युरेटर चालक रस्त्यातच खोलून साफ करी. आजच्या इंजिनाचा कारभार संगणकाकडे गेला आहे आणि तिथे घरच्या पान्यांना फारसा वाव नाही. हवेतली ओल मात्र तिथेही पोहोचते. ब्रेकचं तेल ती शोषून घेतं. ताज्या डॉट 4 तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात 3.7 टक्के पाणी मिसळलं की 155 अंशांचीच हमी उरते. घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा उतार सतत ब्रेक दाबत उतरताना हे तेल उकळलं, तर वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं. तेलाची पातळी घरी पाहावी. ते बदलण्याचं काम, साधारण दोन वर्षांनी, गॅरेजवाल्याकडेच द्यावं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं कुणीही, कधीही करू नये.

आणि इंजिन ऑइल घरी बदललंच, तर जुनं तेल डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजपर्यंत पोहोचवावं. सोसायटीच्या गटारात ओतलेलं तेल नाल्यातून खाडीत जातं, तिवरांच्या मुळांवर बसतं, आणि त्याच खाडीत कोळी जाळी टाकतात.