कळंब्याला नव्या बराकी नकोत, आधी जामीन द्या

कळंबा मध्यवर्ती कारागृहात क्षमतेपेक्षा जास्त कैदी आहेत, ही बातमी कोल्हापूरकरांना नवीन नाही. बातमीपाठोपाठ उपायही ठरलेला असतो : बराकी वाढवा. बिंदू चौकातले उपकारागृह शहराबाहेर हलवा, ही मागणीही जुनीच. (ज्या चौकात १९५० साली भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे उभे राहिले, तेही बाबासाहेब हयात असताना, तोच हा चौक.) पण आत कोण आहे, हे विचारल्याशिवाय तुरुंग वाढवायला संमती देणे आपल्या समाजाला परवडणारे नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार ३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, कच्चे कैदी. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येत १६.६ टक्के, तुरुंगात मात्र दर पाच कैद्यांमागे साधारण एक. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, सातबारा नाही, रोख भरायला पैसे नाहीत, म्हणून माणूस आतच राहतो. नवी बराक बांधली तर त्याला झोपायला जागा मिळेल, सुटका मिळणार नाही.

गर्दी कमी करण्याचे मार्ग कायद्यातच आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ पाहा. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला सोडायचे असते. इतरांना निम्म्या काळानंतर जामीन मिळू शकतो. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षे, म्हणजे पहिल्यांदाच सापडलेल्याला एक वर्ष पुरे. त्यासाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद जुन्या खटल्यांनाही लागू केली. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र ती नाही. एकाहून जास्त खटले असले तरी अडते, आणि ही अट गरिबांना फार महागात पडते, कारण पोलीस एका माणसावर तीन-चार गुन्हे सहज चढवतात.

जामिनाचे पैसे नसतील तर केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैदी साहाय्य योजनेतून मदत मिळू शकते. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांची आढावा समिती असते. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकही तिच्यावर असतात. या समितीने किती नावे तपासली आणि किती सुटली, हे आपल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात विचारले पाहिजे. बराकींचा प्रस्ताव येण्याआधी हा हिशेब आला पाहिजे.

कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, महाराष्ट्राने उच्चाधिकार समिती नेमून हजारो कैद्यांना तात्पुरते सोडले होते. तेव्हा गर्दी उतरली, ती एकही भिंत न बांधता.

याचा अर्थ आतल्यांचे हाल होऊ द्यावेत असा नाही. संडास, पाणी, दवाखाना, नातेवाइकांच्या भेटीची सोय यांवर खर्च व्हायलाच हवा. आणि जातीवरून कामे वाटण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली, तिची अंमलबजावणी कळंब्यात कशी झाली हेही विचारावे. सम्राट अशोकाने पाचव्या शिलालेखात धम्ममहामात्रांना कैद्यांची विचारपूस करायला सांगितले होते. ज्यांना लेकरेबाळे आहेत किंवा जे वृद्ध आहेत, त्यांच्या सुटकेकडे लक्ष द्यायलाही.

ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, सुरू झाले आहे. जामिनासाठी मुंबईच्या खेपा आता नकोत. आपल्या वस्तीतला कोणी आत असेल, तर अटकेची तारीख, गुन्ह्याचे कलम आणि खटल्याचा क्रमांक एका कागदावर लिहून घ्या. तो कागद घेऊन कसबा बावडा रोडवरील जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला मागितला तर तो लागत नाही असे स्पष्ट सांगा.