अतिमानवाचा न्याय

कार्टूनपट म्हटला की तो पोरांचा, अशी आपली समजूत असते. सत्ता, हिंसा, न्याय यांची चर्चा चालू असताना कोणी 'सुपरमॅन'चे नाव काढले तर आपले कार्यकर्ते हसतात. मीही हसलो असतो. पण 'सुपरमॅन व्हर्सेस दि एलिट' हा २०१२ सालचा अमेरिकी चित्रपट (दिग्दर्शक मायकेल चँग, पटकथा जो केली) काही विद्यार्थ्यांनी आग्रहाने दाखवला. चित्रपट सव्वा तासाचा, त्यानंतरचा वाद दोन तासांचा. वादात बहुतेक मुले ज्या बाजूला झुकली ती बाजू पाहून हे लिहिणे भाग पडले.

कथा अशी. अ‍ॅटॉमिक स्कल नावाचा खुनी शहरात माणसे मारत सुटतो. सुपरमॅन त्याला पकडून कायद्याच्या हवाली करतो. मग संयुक्त राष्ट्रसंघात जाब विचारला जातो तो सुपरमॅनलाच. अंगी एवढी ताकद असताना तू त्याला कायमचा का संपवत नाहीस? त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की शिक्षा ठरवणे हे माझे काम नव्हे. लोकांना हे उत्तर पुळचट वाटते. त्याच सुमारास 'एलिट' नावाची चौघांची नवी टोळी अवतरते. मँचेस्टर ब्लॅक हा तिचा म्होरक्या. प्रथम ते माणसे वाचवतात, सुपरमॅनलाही साथ देतात. पुढे स्कल तुरुंगातून निसटतो, पुन्हा माणसे मारतो, तेव्हा ब्लॅक त्याला जागच्या जागी ठार करतो; तेही ज्याचा बाप स्कलने मारला त्या मुलाची संमती घेऊन. मग बियालिया आणि पोकोलिस्तान या दोन काल्पनिक देशांतले युद्ध थांबवण्यासाठी दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना मारून टाकतात. लोक खूश!

या टाळ्यांपाशी आपण थांबले पाहिजे, कारण त्यांचा आवाज आपल्या ओळखीचा आहे. हैदराबादजवळ एका तरुण डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांनी पहाटे गोळ्या घालून मारले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली होती. तारीख नेमकी ६ डिसेंबर २०१९! गुन्हा भयंकरच होता आणि लोकांचा संतापही खरा होता. पण सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये निष्कर्ष काढला, की पोलिसांनी ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या आणि मेलेल्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. फुले उधळून झाल्यावर अडीच वर्षांनी हे कळले. खटल्याला वेळ लागतो म्हणून आपण चिडतो. आपल्या माणसांचे खटले वर्षानुवर्षे कुजतात, तेव्हा चिडणे रास्तच आहे. पण खटलाच नको म्हणणारा माणूस उद्या बंदूक कोणाच्या वस्तीकडे वळवील, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळायला हवे?

विद्यार्थ्यांना ब्लॅक आवडला, याचे मला नवल वाटले नाही. तो इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा, खालच्या थरातून वर आलेला, शिवराळ, कोणाचा मुलाहिजा न ठेवणारा. सुपरमॅनची सभ्यता त्याला ढोंग वाटते. दोघांना शेजारी उभे केले तर सुपरमॅन सुखवस्तू मास्तरासारखा दिसतो आणि ब्लॅकच आपला माणूस वाटतो. पण त्याचा राग कोठे जातो ते पाहा. व्यवस्था मोडण्याऐवजी तो व्यवस्थेचा चाबूक आपल्या हातात घेतो, एवढेच. गंमत अशी की टोळीने नाव घेतले तेही 'एलिट', म्हणजे वरचे, निवडक!

या कथेचा जन्मही सांगितला पाहिजे. मार्च २००१ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या ७७५ व्या अंकात केलीनेच ती प्रथम लिहिली. त्या काळी वॉरन एलिस आणि ब्रायन हिच यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'द ऑथॉरिटी' या मालिकेतले बेमुर्वत नायक गाजत होते. त्यांना दिलेले ते उत्तर होते. चित्रपट येईपर्यंत अमेरिका बदलली होती. ११ सप्टेंबरचा हल्ला होऊन गेला होता, ग्वांतानामोच्या तुरुंगाला दहा वर्षे झाली होती आणि वैमानिकाविना उडणारी विमाने परदेशातल्या माणसांना खटल्याशिवाय मारत होती. कॉमिकमधला वाद सरकारी धोरणाचा झाला होता.

मात्र चित्रपट सुपरमॅनला जितका निर्मळ दाखवतो तितका तो मुळात नव्हता. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही क्लीव्हलंडमधली, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली पोरे. १९३८ मध्ये त्यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले. त्यांचा पहिला सुपरमॅन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला बदडतो, निरपराध बाईची फाशी टाळण्यासाठी गव्हर्नरच्या घरात घुसतो. १९३९ च्या एका गोष्टीत तर सरकारने चांगली घरे बांधावीत म्हणून तो गरिबांची वस्तीच जमीनदोस्त करतो! झोपडपट्टी पाडणाऱ्यांचे 'भले करण्याचे' हेतू आपण फार ऐकले आहेत. हा सुपरमॅन ब्लॅकच्या फारसा दूर नव्हता.

चित्रपटाचा शेवट प्रभावी आहे, आणि माझ्या मते तेथेच तो लंगडा पडतो. सुपरमॅन पिसाळल्याचे सोंग करतो, एलिटच्या एकेकाला मारल्यासारखे भासवतो आणि डोळ्यांतले किरण ब्लॅकच्या मेंदूवर सोडून त्याची शक्ती हिरावून घेतो. लोक थरकापतात. मग तो उघड करतो, की कोणीच मेलेले नाही. बेबंद ताकद कशी दिसते ते तुम्हांला दाखवायचे होते. धडा चांगला. पण तो देण्याची परवानगी त्याने कोणाला विचारली? एका माणसाच्या मेंदूला हात घालायचा, हे त्याचे त्यानेच ठरवले. लोक सुटले ते सुपरमॅन चांगला म्हणून. उद्या त्याचे मन फिरले तर? चांगल्या मालकाच्या घरचा गडीही सुखाने जेवतो. पण त्या जेवणाला हक्क म्हणत नाहीत. माणूस कितीही थोर असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत मिलचा आधार घेऊन सांगितले, ते दुष्टांपुरते नव्हते.

सुपरमॅनच्याही आधी, जानेवारी १९३३ मध्ये, सीगलने एक गोष्ट लिहिली होती आणि शुस्टरने तिची चित्रे काढली होती. मंदीचे दिवस. फुकट भाकरीच्या रांगेतल्या एका कंगाल माणसाला एक शास्त्रज्ञ उचलून नेतो आणि त्याच्यावर प्रयोग करतो. त्याला अचाट शक्ती मिळते आणि तो जगाचा मालक व्हायला निघतो. या जोडीने निर्माण केलेला पहिला 'सुपरमॅन' हा असा खलनायक होता. शेवटी त्याची शक्ती ओसरते आणि तो पुन्हा त्याच रांगेत जाऊन उभा राहतो. रांग मात्र तशीच असते. ही गोष्ट मी मुलांना सांगितली तेव्हा ब्लॅकची बाजू घेऊन भांडणाऱ्या एका मुलीने विचारले, "सर, मग रांगेतल्या बाकीच्यांचं काय झालं?"