जावळीचा कॅट किती पत्त्यांचा?

शंकराला दहा हात आणि हातांत दहा वस्तू: पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य. या वस्तूंची हातांत अदलाबदल केली तर किती वेगवेगळ्या मूर्ती होतील? ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी 'लीलावती'त हे गणित घातलं. उत्तर ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांचं उत्तर मात्र फक्त २४. सहा हात वाढले आणि दोन डझनांचे छत्तीस लाख झाले. पत्त्यांचा नवा खेळ बनवायला बसणाऱ्याची झोप नेमकी इथेच उडते.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात पत्ते १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्का ते दहिला. पाच रंगांत दहिला भारी, उरलेल्या पाचांत एक्का. दिवसा डाव मांडला तर सुरुवात रामाच्या राजाकडून, रात्री मांडला तर कृष्णाच्या. हे गोल, रंगवलेले पत्ते पिसायला तसे अवघडच. पण पिसलेच, तर किती क्रम लागू शकतात? १९९ अंकी संख्या. भास्कराचार्यांच्या संख्यास्थानांच्या यादीतलं शेवटचं स्थान परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. असे अकरा परार्ध एकमेकांना गुणले तरी आपण तिथे पोचत नाही, बारावा लागतो. आपला रोजचा ५२ पत्त्यांचा कॅटही काही गरीब नाही, त्याचे क्रम ६८ अंकी. आजची आठ अब्ज माणसं विश्वाच्या जन्मापासून दर सेकंदाला एक कॅट पिसत बसली असती, तरी आजवरचे सगळे डाव मिळून २८ अंकी संख्येत मावले असते. मेंढीकोटात पिसलेल्या कॅटचा तोच क्रम पुन्हा लागला असं कुणी म्हणालं तर खुशाल हसावं.

रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन माणसाने रचलेला पत्त्यांचा खेळ 'मॅजिक: द गॅदरिंग' १९९३ मध्ये बाजारात आला. त्याच वर्षी त्याला पीएच.डी. मिळाली, आणि तिचा विषय होता मांडण्या-निवडींचं गणित. थेट भास्कराचार्यांचं अंकपाश प्रकरणच म्हणा ना. या खेळात जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो, आणि हजारो पत्त्यांमधून आपला ६० चा कॅट आपणच निवडायचा. आज असे पंचवीस हजारांहून अधिक वेगवेगळे पत्ते आहेत.

आता मेढा गावात बसून भोवतालच्या जावळी खोऱ्याचा असा खेळ करायचा म्हटलं, तर कच्चा माल दारातच पडलेला. एकट्या कासच्या पठारावर साडेआठशेहून अधिक जातींची फुलझाडं. ८५० धरू आणि त्यांतून ६० निवडू: निवडीच्या तऱ्हा ९३ अंकी. दिसणाऱ्या विश्वातले अणू मोजले तर एकावर साधारण ८० शून्यं भरतात. म्हणजे अणू संपले तरी कासचे कॅट संपायचे नाहीत, आणि यात वासोटा किल्ला, प्रतापगड, वेण्णा नदी, गवा, शेकरू यांतलं काहीच धरलेलं नाही.

आणि हे फक्त नावांचं. पत्त्यावर लिहायचं काय? हे काम भाषेच्या यंत्राकडे सोपवण्याचा प्रयोग २०१५ मध्येच झाला. रीड मिलेविच या संगणक-अभ्यासकाने 'मॅजिक'चे सगळे पत्ते एका छोट्या न्यूरल नेटवर्कला अक्षर अक्षर करून वाचायला दिले. ते नेटवर्क नवे पत्ते लिहू लागलं: स्वल्पविराम जागच्या जागी, नियमाची भाषा हुबेहूब, आणि बरेचदा अर्थाचा पत्ता नाही. 'रोबोरोझवॉटर' नावाने ते पत्ते लोकांनी हसून हसून वाचले.

चार वर्षांनी आलेल्या जीपीटी-२ या भाषेच्या यंत्रात शिकताना जुळवले जाणारे दीडशे कोटी आकडे होते, २०२० च्या जीपीटी-३ मध्ये साडेसतरा हजार कोटी. या यंत्राकडे शब्दांच्या तुकड्यांचा एक साठा असतो. जीपीटी-२ चा साठा ५०,२५७ तुकड्यांचा. दर पावलाला त्यांतला एक उचलायचा. पत्त्यावरचा मजकूर ४२ तुकड्यांचा असेल तर तो लिहिण्याच्या तऱ्हा होतात १९८ अंकी. गंजिफ्याच्या क्रमांना जवळजवळ गाठलंच! सावंतवाडीच्या चितारी घराण्यांनी रंगवलेला अख्खा जोड एका बाजूला, आणि दोन ओळींचा एक पत्ता दुसऱ्या बाजूला. (मराठीत हे आणखी महाग पडतं. 'मेढा' रोमन लिपीत लिहिला तर संगणकाला ५ बाइट लागतात, देवनागरीत १२. जीपीटी-२ सारख्या यंत्रासाठी आपल्या शब्दांचा पार चुरा होतो.)

इतकं अफाट लिहिता येतं यात यंत्राची करामत नाही. माकडालाही ते येईल. करामत गाळण्यात आहे. समजा, प्रत्येक पावलाला पन्नास हजारांतले दहाच तुकडे शोभण्यासारखे निघाले. मग ४२ पावलांत उरतात एकावर ४२ शून्यं इतके मजकूर. दीडशेवर शून्यं यंत्राने केरात टाकली. तरी उरलेली बेचाळीस आपल्या मानगुटीवर बसतातच, कारण शोभणारा पत्ता खेळण्याजोगा असतोच असं नाही.

उदाहरण घ्या. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, म्हणून पत्ता केला: 'सात फेऱ्या हातात राखा, आठवीत टाका, टेबलावरची सगळी फुलं तुमची.' वाचायला झकास. दुसरा पत्ता वासोट्याचा: 'पावसाळा चालू असेतो तुमच्यावर हल्ला नाही.' हाही झकास. दोन्ही एकाच हातात आले की समोरच्याने पत्ते खाली ठेवून घरी जावं. एकेकटा पत्ता वाचून हे कळत नाही. जोडी जमली की बिंग फुटतं.

मग संगणकालाच सगळे डाव तपासायला लावावेत? २०१९ मध्ये चर्चिल, बायडरमन आणि हेरिक यांनी दाखवलं, की 'मॅजिक'च्या पत्त्यांतून अख्खा ट्यूरिंग-संगणक, म्हणजे कुठलाही प्रोग्रॅम चालवू शकणारा संगणक, उभा करता येतो. त्याचा अर्थ असा की मांडलेल्या कुठल्याही डावात कोण जिंकणार हे हमखास सांगणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. यंत्र कितीही मोठं करा, हा अडसर हलत नाही. काही डाव संगणक तपासेल, त्याने मदतही होईल. पण शेवटी खेळून पाहण्याला पर्याय नाही.

खेळून पाहायचं तर जावळीच्या कॅटला गंजिफ्याइतके १२० पत्ते परवडतील का? जोड्या ७,१४०. प्रत्येकीला दहा मिनिटं दिली तर ११९० तास. पण खरी भानगड तीन-तीन पत्त्यांची: एकत्र येऊ शकणारी त्रिकुटं २,८०,८४०, म्हणजे साधारण ४६,८०० तास. मेढ्यातल्या पोरांनी दहा टेबलं मांडून रोज दोन तास खेळायचं ठरवलं, तर सहा वर्षांहून जास्त काळ लागेल. पहिलीतला मुलगा सातवीत जाईल. मुलं तोवर थांबत नसतात.

पत्ते ३२ वर आणा. त्रिकुटं उरतात ४,९६०. तीच दहा टेबलं, तेच दोन तास: ४२ दिवस. उन्हाळ्याच्या सुट्टीत बसतं, दोन-चार दिवस मामाकडे जाऊन आलं तरी.