औषधाच्या आधी अहवाल

जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कर्करोगावरील तीन औषधांना सीमाशुल्कातून सूट देण्यात आली. त्यांपैकी ऑसिमर्टिनिब हे फुप्फुसाच्या कर्करोगावरील औषध. ही सूट योग्यच होती. परंतु हे औषध फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या प्रत्येकाच्या उपयोगाचे नाही, ही बाब मात्र स्वागताच्या भरात मागे पडली.

पेशीला वाढीचा आदेश पोहोचविणारी ईजीएफआर नावाची एक यंत्रणा असते. तिच्या जनुकात विशिष्ट बदल झाला, की आदेश नसतानाही पेशी वाढत राहते. हा बदल बहुधा आईवडिलांकडून आलेला नसतो. तो गाठीतल्या पेशींतच घडलेला असतो. या यंत्रणेला रोखणारे गेफिटिनिब अमेरिकेत २००३ मध्ये मान्य झाले, तेव्हा काही थोड्या रुग्णांच्या गाठी झपाट्याने विरघळल्या आणि बहुसंख्यांना काहीच गुण आला नाही. या कोड्याचा उलगडा २००४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी केला : गुण आला तो जनुकात बदल असलेल्यांना.

तरीही रुग्ण पाहून अंदाज बांधण्याचा मोह सुटत नाही. धूम्रपान न करणारी स्त्री असेल तर बदल असणारच, असे मानले जाते. पूर्व आशियातील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत मुद्दाम अशाच, म्हणजे धूम्रपान न करणाऱ्या किंवा अगदी अल्प केलेल्या, रुग्णांची निवड होती. ज्या ४३७ जणांच्या गाठी तपासता आल्या, त्यांपैकी १७६ जणांत बदल आढळलाच नाही. गेफिटिनिबने बदल असलेल्यांपैकी शेकडा ७१ जणांच्या गाठी आक्रसल्या. बदल नसलेल्यांत शेकडा एकाची. या दुसऱ्या गटाला जुनी रसायनोपचार पद्धतीच अधिक हितकर ठरली. चुकीच्या औषधात पैसा तर जातोच, पण हाती असलेले थोडे महिनेही जातात. त्या महिन्यांची किंमत कोणत्याही हिशेबवहीत लिहिली जात नाही.

भारतात हा बदल साधारणतः चौथ्या हिश्श्याच्या आसपास रुग्णांत आढळतो. म्हणजे तपासणीविना औषध देणे ही बहुसंख्यांच्या बाबतीत उधळपट्टीच. उलट, तपासणी झाली की स्वस्त औषधाचेही चीज होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने बदल असलेल्या ३५० रुग्णांवर केलेल्या चाचणीत गेफिटिनिबला रसायनोपचाराची जोड दिली, तेव्हा रोग आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. दुष्परिणाम वाढले, हेही नमूद केले पाहिजे.

अडचणी आहेतच. आपल्याकडे फुप्फुसावरील डाग प्रथम क्षयाचा मानला जातो आणि त्या उपचारात कित्येक आठवडे सरतात. पुढे सुईने काढलेला मांसाचा तुकडा इतका लहान असतो, की निदानातच तो संपतो. रक्तातूनही आता ही तपासणी होते. मात्र रक्तात बदल सापडला नाही, एवढ्याने तो नाहीच असे ठरत नाही.

शासकीय योजनांनी औषधाइतकेच तपासणीचेही दायित्व उचलावे, असे म्हणण्याचे कारण हे आहे. जिल्ह्याच्या रुग्णालयात काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जतन करून मोठ्या प्रयोगशाळेकडे धाडता येतो. त्यासाठी रुग्णाला मुंबई गाठण्याची गरज नसते. आज अनेकदा तो ठोकळा पिशवीत घेऊन रुग्णाचा मुलगाच रेल्वेने निघतो.