गणिताच्या पदवीत आधी काय, मग काय

गणितात बी.एस्सी. व्हायला काय लागते, याचे उत्तर कोणत्याही महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात अर्ध्या पानात सापडते. बारावीला गणित हवे, सहा सत्रे पार पडायला हवीत आणि शेवटी खात्यावर पुरेसे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, जमलेले हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जो आराखडा जाहीर केला, त्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी हा आकडा किमान 120 आहे. महाराष्ट्रात सत्राला 20 ते 22 श्रेयांक धरल्यामुळे तो 120 ते 132 झाला. आयोगाच्या हिशेबात त्यातले निम्मे, म्हणजे 60, मुख्य विषयाचे आणि 24 दुय्यम विषयाचे असतात. उरलेल्यांत भाषा, कौशल्ये, मूल्यशिक्षण, अन्य शाखांचे विषय आणि इंटर्नशिप यांची वाटणी होते. व्याख्यानाच्या एका श्रेयांकामागे सत्रात 15 तास, असा दर आहे. म्हणजे मुख्य विषयाचे सगळे श्रेयांक वर्गातल्या शिकवण्याचे धरले, तर गणिताच्या वाट्याला तीन वर्षांत 900 तास येतात. हे तास पुरेसे आहेत का, यावर प्राध्यापकांच्या खोलीत वाद होतच असतात. माझा मुद्दा वेगळा आहे. श्रेयांकाच्या वहीत प्रत्येक तास दुसऱ्या तासाच्या तोलाचा असतो, त्यांची बेरीज कुठूनही सुरू करता येते. गणितात मात्र कोणता तास कोणत्या तासाआधी आला, यावर दोन्ही तासांची किंमत ठरते. ही अट माहितीपत्रकात छापलेली नसते, आणि पदवीची खरी अट तीच आहे.

बारावीपर्यंतचे गणित म्हणजे मुख्यतः रीत लावून उत्तर काढणे. विकलनाचे नियम पाठ असले की गाडी चालते. पदवीच्या वर्गात पहिल्यांदा विचारले जाते, की हा नियम खरा का आणि कुठवर खरा? हा प्रश्न उगाच काढलेले खुसपट नाही. 1821 मध्ये कोशीसारख्या बुजुर्गाने असे मांडले, की संतत फलनांची अभिसारी अनंत श्रेणी घेतली तर तिची बेरीजही संततच असते. पाच वर्षांनी आबेलने दाखवून दिले, की या विधानाला अपवाद आहेत. पुढे 1872 मध्ये वायरश्ट्रासने एक फलन मांडले, जे सगळीकडे संतत आहे, पण ज्याच्या आलेखाला एकाही बिंदूपाशी स्पर्शिका काढता येत नाही. आलेख डोळ्यांसमोर आणून निष्कर्ष काढण्याची सवय इथे साफ कोलमडते. म्हणून वास्तव विश्लेषणात, ज्याला विद्यार्थी सरसकट ‘रिअल ॲनालिसिस’ म्हणतात, आधी वास्तव संख्यांची पूर्णता, मग क्रमिकांची सीमा, मग सांतत्य, मग समाकलन आणि त्यानंतर एकविध अभिसरण असा क्रम लागतो. सीमेची व्याख्या न पचवता एकविध अभिसरणाला बसलेला विद्यार्थी तास भरतो, श्रेयांकही मिळवतो, पण कोशी कुठे घसरला हे त्याला सांगता येत नाही. बीजगणितात असाच क्रम गट, वलय आणि क्षेत्र यांचा आहे. एम.एस्सी.साठी आयआयटींमध्ये जाण्याची ‘जॅम’ परीक्षा पाहा. गणिताच्या पेपरात तिचा भर विश्लेषण, रेषीय व अमूर्त बीजगणित, बहुचल कलन आणि अवकल समीकरणे यांवर असतो. पदवीचा कणा कोणता, याबद्दल पुढच्या दारावर उभे असलेल्यांच्या मनात फारसा गोंधळ नाही.

गोंधळ आहे तो अभ्यासक्रम आखणाऱ्यांकडे. ऑगस्ट 2025 मध्ये आयोगाने गणिताच्या पदवी अभ्यासक्रमाचा मसुदा पुढे ठेवला, तेव्हा देशातल्या शेकडो गणितज्ञांनी तो मागे घेण्याची मागणी केली. बीजगणित, विश्लेषण अशा गाभ्याच्या विषयांना पुरेशी जागा नाही आणि उपयोजित गणितही नीट मांडलेले नाही, ही त्यांची प्रमुख तक्रार होती. प्राचीन भारतीय गणितावरच्या पाठांवरून जी गरमागरमी झाली, तिच्यात ही तक्रार थोडी झाकोळली. खरे तर गाभ्याचे विषय आणि प्राचीन गणित या दोन गोष्टींत भांडण असायचे कारण नाही. केरळातल्या ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात मल्याळममध्ये लिहिलेल्या ‘युक्तिभाषा’त गणितज्ञ माधवाच्या परंपरेतल्या अनंत श्रेणी उपपत्तीसह आहेत. त्या वाचायची जागा श्रेणींच्या तासालाच आहे, सीमेची व्याख्या झाल्यानंतर. तसे केले तर परंपराही समजते आणि विश्लेषणही. वेगळ्या दोन श्रेयांकांच्या डब्यात टाकली की ती परंपरा नुसती नामावळी होऊन बसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. वर्गातल्या साठ मुलांपैकी गणितज्ञ होणारे किती? उरलेल्यांना बँकेत, विमा कंपनीत, सॉफ्टवेअरमध्ये जायचे आहे. त्यांना संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग शिकवा, सिद्धतांचा छळ कशाला? आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे, संख्याशास्त्र आणि संगणन हवेच. पण समाकलन काढणे, सारणीचा व्यस्त शोधणे ही कामे आज सॉफ्टवेअर क्षणात करते. माणसाकडे उरते ते हे पाहणे, की निघालेले उत्तर कोणत्या गृहीतकांवर उभे आहे आणि ती गृहीतके समोरच्या आकडेवारीला लागू पडतात का. ही सवय सिद्धता लिहितानाच अंगी मुरते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. सिद्धता सक्तीच्या केल्या की मुले त्या पाठ करतात. अपेक्षित प्रश्नसंचातली दहा प्रमेये घोटली की पेपर निघतो, मग अट असून उपयोग काय? या आक्षेपाला इतिहासाचाही आधार आहे. केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेतून मिळणाऱ्या ‘रँग्लर’ या किताबाला महाराष्ट्रात केवढा मान! 1899 मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तिथे सीनियर रँग्लर, म्हणजे सर्वोच्च क्रमांकाचे मानकरी, झाले आणि हा शब्द त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. पण त्या परीक्षेत वेगाला आणि सरावाला फार महत्त्व होते. खासगी शिकवण्यांशिवाय वरचा क्रमांक दुरापास्त असे. राउथ या एकाच शिक्षकाच्या हाताखालून दोन डझनांहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. स्वतः त्यातून गेलेल्या गणितज्ञ हार्डीने या पद्धतीवर कडाडून टीका केली, 1908 मध्ये नवख्या विद्यार्थ्यांसाठी शुद्ध गणिताचे काटेकोर पाठ्यपुस्तक लिहिले, आणि 1909 नंतर क्रमवारी जाहीर करणे बंद झाले. यातून निघते ते एवढेच, की अट कोणती यापेक्षा ती कशी तपासतात याकडे आधी बघायला हवे. न पाहिलेले विधान देऊन ‘खरे की खोटे, कारण लिहा’ असे विचारणारा पेपर पाठांतराला दाद देत नाही. तो काढायला आणि तपासायला कष्ट पडतात, हीच त्याची अडचण.

क्रम सक्तीचा केला तर मुले अडकून पडतील, अशी भीतीही घातली जाते. सध्या एटीकेटीच्या सवलतीने विश्लेषणाच्या पहिल्या पेपरात नापास झालेला मुलगा दुसऱ्याला बसतो. तिथेही त्याचे तेच होते, कारण मधले काही भरून निघालेले नसते. तो अडकलेलाच असतो, फक्त एक वर्ष उशिरा कळते. पहिला पेपर पुढच्याच सत्रात पुन्हा शिकवण्याची सोय केली, तर सवलत न काढताही क्रम पाळता येईल. चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स करण्यासाठी आयोगाने पहिल्या सहा सत्रांत 75 टक्क्यांची अट घातली आहे. त्या सरासरीत पर्यावरणाचे गुणही येतात आणि बीजगणिताचेही. विश्लेषणात जेमतेम काठावर तरलेला विद्यार्थी इतर विषयांच्या जोरावर ती अट ओलांडू शकतो, आणि विश्लेषण व बीजगणित या दोन्हींत उत्तम असलेला भाषेच्या गुणांमुळे मागे राहू शकतो. गणित विभागांनी प्रवेशासाठी या दोन विषयांचे गुण वेगळे पाहावेत. त्यासाठी एकही श्रेयांक वाढवावा लागत नाही.